पिवळ्या पिशवीतला गुडघा

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत सर्जन मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा ठरलेल्या मापाने कापून काढतो. काही मिलिमीटर जाडीच्या चकत्या निघतात. त्यांच्यावर कूर्चा असते, म्हणजे आपण बोलताना जिला गुडघ्यातली गादी म्हणतो ती. एकाच चकतीवर तिच्या सगळ्या अवस्था दिसतात. एका कडेला ती अजून पांढरी, ओलसर, गुळगुळीत असते. मध्ये तिचे तंतू सुटलेले असतात. आणि जिथे वर्षानुवर्षं वजन पडलं तिथे ती उरलेलीच नसते. खालचं हाड उघडं पडून घासून चकचकीत झालेलं असतं. मग धातूचा सांधा बसवला जातो, टाके पडतात आणि त्या चकत्या पिवळ्या पिशवीत जातात. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी देशात २०१६ साली जे नियम झाले, त्यांत मानवी शरीराच्या भागांसाठी पिवळी पिशवी नेमून दिलेली आहे. तिथून पुढे त्यांची विल्हेवाट लागते.

पिशवीत पडताना त्या कूर्चेतल्या पेशी जिवंत असतात. योग्य द्रावणात, योग्य तापमानाला ठेवल्या तर पुढे बरेच दिवस जिवंत राहतात. ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात, माणसाच्या गुडघ्यात नेमकं काय करतो आणि एखादं औषध त्याला थोपवू शकतं का, हे विचारण्यासाठी या तुकड्याइतकं विश्वासाचं साधन प्रयोगशाळेत दुसरं नाही, असं माझं मत आहे. ते मत का झालं, तेच या लेखात सांगायचं आहे.

वडोदऱ्याच्या उत्तरेकडच्या समा भागात या आजाराची माणसं शोधावी लागत नाहीत. दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या वस्त्यांतली मराठी कुटुंबं पुढच्या पिढ्यांत शहराच्या कडेकडेने पसरली. समा-सावली रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांतही ती आहेत. सकाळी बागेतल्या बाकांवर गुजराती आणि मराठी दोन्ही कानावर पडतात आणि दोन्हींत विषय बहुधा गुडघ्याचा असतो. कोणाला घसारा लागलाय, कोणाची गादी गेलीय, कोणी दोन्ही गुडघे बदलून घेतले आणि आता मुलीकडे अमेरिकेत जिने चढते. आयुष्यभर जमिनीवर बसलेली ही पिढी: पाटावर जेवण, खाली बसून निवडणं-टिपणं, पूजेची मांडी, देशी शौचालय. नवरात्रात गरब्याच्या वर्तुळाबाहेर खुर्च्यांची रांग असते. त्या रांगेत बसलेल्या कित्येकजणी दहा-पंधरा वर्षांपूर्वी वर्तुळाच्या आत होत्या.

हे दुखणं शहरी सुखवस्तूंचं आहे असा एक समज अजून टिकून आहे. तो खोटा ठरवणारं काम महाराष्ट्रात झालं. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन सांधे-हाडं-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या कॉपकॉर्ड या पद्धतीची ही पाहणी होती. गावातल्या प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना असं काही ना काही दुखणं होतं आणि झिजेचा संधिवात सुमारे ६ टक्के प्रौढांमध्ये आढळला. फक्त चाळिशी ओलांडलेली माणसं घेतली आणि फक्त गुडघा पाहिला, तर आकडा कितीतरी वर जातो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या पाच ठिकाणच्या पाहणीत तो २८.७ टक्के होता. जगभरात २०२० साली हा आजार असलेली माणसं ५९ कोटींहून अधिक होती.

उपाय म्हणून आपल्याकडे मुख्यतः तीन गोष्टी आहेत: व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं, वेदनाशामक गोळ्या, आणि शेवटी सांधा बदलणं. २०१७च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या औषध किंमत नियामकाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला आणि मध्यमवर्गातल्या अनेकांना ही शस्त्रक्रिया आवाक्यातली वाटू लागली. ते चांगलंच झालं. पण झिजणारी कूर्चा वाचवणारं किंवा गेलेली परत आणणारं, सर्वमान्य झालेलं एकही औषध आजवर बाजारात आलेलं नाही.

याचं मूळ कूर्चेच्या घडणीतच आहे. निरोगी गुडघ्यात तिची जाडी दोन ते चार मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. वजनाने दोन-तृतीयांशाहून अधिक पाणी. ते पाणी धरून ठेवणारे अ‍ॅग्रिकॅन नावाचे मोठे रेणू आणि त्या रेणूंना जखडून ठेवणारी कोलॅजेनच्या तंतूंची जाळी. पाय टेकला की पाणी दाबलं जातं, उचलला की परत भरतं. पाण्याने गच्च भरलेल्या स्पंजासारखं तिचं काम चालतं आणि पेशींना अन्न मिळतं तेही याच हालचालीतून. पेशी मात्र फार थोड्या, एकूण घनफळाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, आणि प्रत्येक आपापल्या कप्प्यात एकटी. हाताला कापलं तर रक्त येतं, गुठळी होते, दुरुस्तीच्या पेशी धावून येतात. कूर्चेला चीर पडली तर येणारं कोणी नाही. लंडनचा शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर याने १७४३ सालीच रॉयल सोसायटीपुढे नोंदवून ठेवलं होतं की एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही.

हंटरच्या या निरीक्षणाला सर्वांत थक्क करणारा पुरावा मिळाला तो अणुचाचण्यांमधून. १९५०च्या दशकात आणि १९६३च्या चाचणीबंदी करारापर्यंत महासत्तांनी उघड्या आकाशात अणुबॉम्ब फोडले. त्यामुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला आणि बंदीनंतर हळूहळू उतरत गेला. झाडांनी तो घेतला, अन्नातून तो माणसांत आला. शरीरातला एखादा भाग कोणत्या वर्षांत घडला, हे त्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ साली वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या २२ जणांच्या गुडघ्यांची कूर्चा अशी तपासली. तिच्यातलं कोलॅजेन त्या त्या माणसाच्या वाढीच्या वयात घडलेलं निघालं. त्यानंतर त्यात जवळजवळ काहीच बदललं नव्हतं. आजारी गुडघ्यातही नाही. म्हणजे समाच्या बागेत बाकावर बसलेल्या सत्तरीच्या आजी आजही शाळकरी वयात विणलेल्या जाळीवर चालत आहेत. ती जाळी तुटली की नवी विणण्याची सोय शरीराने ठेवलेली नाही.

सगळ्याच पाठीच्या कण्याच्या प्राण्यांना हे लागू नाही. त्याचं उदाहरण समातल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर, ट्यूबलाइटच्या मागे असतं, आणि त्याचा सलग अभ्यास याच शहरात झालेला आहे. पालीची शेपटी तुटते आणि पुन्हा उगवते हे लहान मुलालाही माहीत असतं. नव्या शेपटीच्या आत काय असतं, हे फार जणांना माहीत नसतं. मूळ शेपटीत मणके असतात. नव्या शेपटीत मणके येत नाहीत. त्यांच्या जागी एक सलग नळी येते आणि ती नळी कूर्चेची असते. पूर्ण वाढ झालेला प्राणी काही आठवड्यांत इतकी कूर्चा नव्याने तयार करतो, हे सस्तन प्राण्यांत सहसा घडत नाही.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात घरातल्या पालीवर आणि सापसुरळीवर हे काम कित्येक दशकं चाललं. आर. व्ही. शाह, पी. के. हिराधर, ए. व्ही. रामचंद्रन या प्राध्यापकांची नावं त्या जुन्या निबंधांवर सापडतात: तुटलेल्या टोकावर कातडीचं टोपण कसं येतं, त्याखाली अजून काहीच न ठरलेल्या पेशींचा उंचवटा कसा जमतो, त्यात कोणती एन्झाइमं कधी वाढतात, कोणती संप्रेरकं लागतात. सुरेश बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा धागा या शतकात पुढे नेला आणि तिथे तो आपल्या गुडघ्याजवळ येऊन पोचतो. शेपटी तुटल्यावर जखमेत कॉक्स-2 हे दाहाशी जोडलेलं एन्झाइम वाढतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई-2 तयार होतं, असं त्यांना दिसलं. कॉक्स-2 अडवणारं औषध दिलं तर पेशींचा तो उंचवटा नीट जमत नाही आणि शेपटी यायला उशीर होतो.

सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब या गोळ्या कॉक्स-2 अडवूनच वेदना कमी करतात, आणि गुडघेदुखीच्या रुग्णाला त्या सर्रास लिहून दिल्या जातात. मग त्या गोळ्यांनी आपली दुरुस्ती थांबते का? पालीच्या शेपटीवरून असं म्हणता येत नाही, आणि कोणी हे वाचून गोळी बंद करू नये. आपल्या गुडघ्यात थांबवण्याजोगी दुरुस्ती मुळात फारशी चालूच नसते. पण शास्त्राच्या दृष्टीने या कामाचं मोल वेगळं आहे. दाह म्हणजे नुसता शत्रू, ही समजूत त्याने हलवली. पालीत दाहाचा पहिला टप्पा उभारणीची सुरुवात करून देतो आणि वेळेत मागे सरतो. माणसाच्या सांध्यात तो रेंगाळतो आणि पाडापाडी करत राहतो. अमेरिकेत टॉमस लोझितो आणि रॉकी तुआन यांनी पुढे दाखवलं की नव्या शेपटीतल्या मज्जारज्जूच्या अस्तरातून सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन सुटतं आणि त्याच्या सांगण्यावरून भोवतालच्या पेशी कूर्चा होतात. प्रौढ प्राण्याच्या शरीरात कूर्चा नव्याने घडणं शक्य आहे, एवढं पाल सांगते. माणसाच्या गुडघ्यात ते का होत नाही, हे विचारायला माणसाचीच कूर्चा लागते.

ती प्रयोगशाळेत जिवंत ठेवण्याची कला एका बाईने उभी केली. केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून ऑनर फेल यांनी १९२९पासून चार दशकं काम केलं. कोंबडीच्या गर्भातली इवलीशी हाडं घड्याळाच्या काचेत, रक्तद्रवाच्या गोठलेल्या थरावर ठेवून त्या वाढवत. सुट्या पेशी वाढवणारे तेव्हाही बरेच होते; फेल यांचा आग्रह अवयवाचा आख्खा तुकडा वाढवण्याचा होता, कारण पेशी आणि तिच्या भोवतालचं द्रव्य वेगळं केलं की दोघांचंही वागणं बदलतं. १९५२ साली मेलनबी या संशोधकाबरोबर त्यांनी दाखवलं की अ जीवनसत्त्व जास्त झालं की कूर्चेचं द्रव्य विरघळू लागतं.

पण त्यांचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग निवृत्तीनंतरचा, १९७७ सालचा आहे. डुकराच्या सांध्यातला कूर्चेचा तुकडा आणि त्याच सांध्याचं आतलं अस्तर त्यांनी एका बशीत, एकमेकांना न चिकटवता ठेवलं. काही दिवसांत कूर्चेतलं द्रव्य झिरपून गेलं. मग त्यांनी कूर्चेतल्या पेशी आधी मारून टाकल्या आणि तोच प्रयोग केला. लांब ठेवलेलं अस्तर या मेलेल्या कूर्चेचं काही बिघडवू शकलं नाही. निष्कर्ष एकच निघत होता: अस्तर काहीतरी निरोप पाठवतं आणि तो निरोप मिळाल्यावर कूर्चेच्या पेशी स्वतःच आपल्या भोवतालचं द्रव्य पाडू लागतात. त्या निरोपाचा रेणू शोधायला पुढे काही वर्षं लागली. आधी त्याला कॅटाबोलिन म्हटलं गेलं. नंतर तो इंटरल्यूकिन-1 हा दाह वाढवणारा रेणू निघाला.

या एका प्रयोगाने झिजेच्या आजाराकडे पाहण्याची दिशा बदलली. सांधा म्हणजे यंत्र आणि वापराने ते झिजलं, असं आपण अजूनही एकमेकांना सांगतो, आणि आईवडिलांना म्हणतो की फार चालू नका. घर्षणाचा वाटा आहेच. पण जिवंत पेशी आपलीच जाळी आतून कापत असतात, आणि हे घडण्यात शेजारच्या अस्तराचा हात असतो. सुट्या पेशी प्लॅस्टिकच्या ताटलीत वाढवून हे कधीच दिसलं नसतं.

ताटलीचा दुसरा दोषही मोठा आहे. कूर्चेच्या पेशी सुट्या करून सपाट प्लॅस्टिकवर वाढवल्या की त्या भराभर वाढतात, पण गोल आकार सोडून लांबट होतात आणि कूर्चेचं खास कोलॅजेन बनवायचं सोडून व्रणातलं साधं कोलॅजेन बनवू लागतात. म्हणजे आपण ज्यांचा अभ्यास करतोय असं समजतो त्या पेशी आता उरलेल्याच नसतात. १९८२ साली बेन्या आणि शॅफर या संशोधकांनी अशा पेशी अ‍ॅगरोजच्या जेलमध्ये अडकवल्या. त्या पुन्हा गोल झाल्या आणि पुन्हा कूर्चेचं कोलॅजेन बनवू लागल्या. आकार परत मिळाला आणि त्याबरोबर ओळखही. त्यानंतर कूर्चेचं काम करणाऱ्या अनेक प्रयोगशाळा त्रिमितीत काम करू लागल्या: जेलमध्ये, अल्जिनेटच्या मण्यांमध्ये, किंवा नळीच्या तळाशी गोळा केलेल्या पेशींच्या बारक्या गोळीत.

प्राण्यांवरचे प्रयोग या सगळ्याबरोबर चालूच राहिले. उंदराच्या गुडघ्यातला एक अस्थिबंध कापून त्याला काही आठवड्यांत संधिवात आणता येतो. पण उंदराची कूर्चा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असते, तो चार पायांवर चालतो आणि त्याचा आजार आठवड्यांत घडवलेला असतो. आपला तीस वर्षांत घडतो. उंदरात चाललेली औषधं माणसात पडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता पुण्याकडे येतो, कारण या विषयातलं महाराष्ट्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम तिथे झालं आणि त्याची चर्चा मराठीत फारशी झाली नाही. भारती विद्यापीठाच्या इंटरॅक्टिव्ह रिसर्च स्कूल फॉर हेल्थ अफेअर्स या संस्थेत उल्हास वाघ, वेणिल सुमंत्रन, अभय हर्सूलकर यांच्या गटाने, अरविंद चोप्रा आणि भूषण पटवर्धन यांच्यासह, संधिवातासाठी आयुर्वेदात वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींची तपासणी केली. उंदीर नाही, विकत आणलेल्या पेशी नाहीत. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेतून निघालेली रुग्णांची कूर्चा त्यांनी घेतली.

पद्धत समजायला सोपी आहे. कूर्चेचे बारीक तुकडे करायचे, वजन करायचं, पोषक द्रावणात ३७ अंश तापमानाला ठेवायचे. काही तुकड्यांच्या द्रावणात वनस्पतीचा अर्क घालायचा, काहींत घालायचा नाही. दर काही दिवसांनी द्रावण बदलायचं आणि काढलेल्या द्रावणात कूर्चेतून किती द्रव्य झिरपलंय ते मोजायचं. त्यासाठी एक निळा रंग वापरतात. अ‍ॅग्रिकॅनच्या साखळ्या भेटल्या की तो जांभळ्याकडे झुकतो. जितकं जांभळं, तितकी कूर्चा अधिक विरघळलेली. तुलना एकाच माणसाच्या तुकड्यांमध्ये होते, त्यामुळे वय, वजन, मधुमेह, आजाराची पायरी, सगळं दोन्ही बाजूंना आपोआप सारखं राहतं.

अश्वगंधेच्या मुळाच्या पाण्यातल्या अर्कावरचा निबंध २००७ साली जर्नल ऑफ बायोसायन्सेसमध्ये आला आणि आवळ्यावरचा २००८ साली. अश्वगंधेने कूर्चा पाडणाऱ्या एका एन्झाइमला आवर घातला आणि कूर्चेचं थोड्या काळापुरतं रक्षण केलं. आवळ्याच्या अर्काचा परिणाम अधिक काळ टिकला. पण दोन्ही निबंधांतलं खरं महत्त्वाचं वाक्य वेगळं आहे: हा परिणाम तपासलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांच्याच कूर्चेत दिसला. तुलनेसाठी घेतलेल्या, सांधेदुखीवर दिल्या जाणाऱ्या ग्लुकोसामीननेही निम्म्यांनाच साथ दिली.

हे निम्मेपण कमीपणाचं मानून बाजूला ठेवण्यासारखं नाही. त्या संशोधकांनी ते जसं दिसलं तसं छापलं याबद्दल त्यांचा आदर वाटतो, आणि माझ्या मते ते त्या कामाचं सर्वांत मोठं फळ आहे. एकाच वंशाच्या, एकाच वयाच्या उंदरांवर प्रयोग केला असता तर अर्क चालला किंवा नाही चालला असं उत्तर आलं असतं. माणसांच्या तुकड्यांनी सांगितलं की आपण ज्याला एक आजार म्हणतो तो कूर्चेच्या पातळीवर एक नाही. कोणाच्या गुडघ्यात पाडकाम जोरात चालू असेल, कोणाच्या गुडघ्यात ते थंडावून आता वाचवायला फारसं उरलेलं नसेल. शंभर जणांना एकच गोळी देऊन सरासरी काढली तर ज्यांना उपयोग होतो ते उरलेल्यांत बुडून जातात.

आयुर्वेदाच्या नावाने काहीही विकलं जाण्याच्या काळात या कामाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. नमुने थोडे होते. अर्क थेट कूर्चेवर घातलेला होता. गिळलेलं चूर्ण आतड्यातून, यकृतातून, रक्तातून, मग सांध्यातल्या द्रवातून तेवढ्या प्रमाणात कूर्चेपर्यंत पोचतं का, हा प्रश्न बशीत सुटत नाही. चोप्रा यांच्या गटाने पुढे सुंठ, गुळवेल यांसारख्या वनस्पतींच्या मिश्रणांची रुग्णांवर चाचणी घेतली आणि ती २०१३ साली प्रसिद्ध केली. वेदना कमी करण्यात ती मिश्रणं ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिबच्या तोडीची ठरली. काही रुग्णांत यकृताचं एक एन्झाइम वाढलेलंही आढळलं आणि तेही त्यांनी लिहिलं. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं मानणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

बशीत चाललेली गोष्ट माणसात कशी अडते, याची दोन उदाहरणं मोठी आहेत. ग्लुकोसामीन प्रयोगशाळेत कित्येकदा गुणकारी दिसलं, पण अनेकदा त्यासाठी वापरलेली मात्रा गोळीतून सांध्यात पोचणाऱ्या मात्रेपेक्षा खूपच जास्त होती. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकंदर रुग्णांमध्ये ते बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. दुसरं उदाहरण स्प्रिफर्मिनचं. कूर्चेच्या पेशींना वाढायला लावणारं हे प्रथिन गुडघ्यात टोचून देतात. ५४९ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल २०१९ साली आले. सर्वाधिक मात्रा घेतलेल्यांची कूर्चा दोन वर्षांत खरोखर किंचित जाड झाली, बनावट इंजेक्शन घेतलेल्यांच्या तुलनेत सरासरी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी. वेदना मात्र त्यांच्यापेक्षा कमी झाली नाही.

कूर्चेत मज्जातंतूच नसतात, हे इथे पुन्हा आठवावं लागतं. दुखतं ते खालच्या हाडात, अस्तरात, भोवतालच्या बंधांत. म्हणून आता नुसत्या कूर्चेच्या तुकड्याऐवजी कूर्चा, तिच्या खालचं हाड आणि अस्तर असं तिन्ही एकत्र जिवंत ठेवण्याकडे कल आहे. एमआयटीचे अ‍ॅलन ग्रॉड्झिन्स्की यांनी असे संच २०१९ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही पाठवले. त्याच वर्षी मिलान आणि बाझलच्या संशोधकांनी माणसाच्या पेशींपासून कूर्चेचा सूक्ष्म तुकडा एका चिपवर घडवला आणि तो तालात दाबला. तीस टक्के दाबल्यावर, बाहेरून कोणतंही दाहकारक द्रव्य न घालता, त्यात संधिवाताची लक्षणं उमटली. फेल यांनी निरोपाचा शोध लावला होता. इथे वजनाचा वाटा वेगळा काढून दाखवता आला.

आपल्याकडेही हालचाल आहे. दिल्लीच्या आयआयटीत सौरभ घोष यांच्या गटाने रेशीम आणि जिलेटिनच्या शाईत पेशी मिसळून कूर्चा छापण्याचं काम केलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनुया निसळ यांनी रेशमाच्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरणारे सच्छिद्र तुकडे घडवले. रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून परत बसवण्याच्या रीग्रो कंपनीच्या उपचाराला २०१७ साली देशाच्या औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. ही पद्धत १९९४ साली स्वीडनमध्ये २३ रुग्णांवर पहिल्यांदा नोंदली गेली. ती खेळताना किंवा अपघातात कूर्चेला खड्डा पडलेल्यांसाठी आहे. संपूर्ण गुडघाभर पसरलेल्या झिजेवर तिचा उपयोग नाही, हे जाहिरातींच्या गर्दीत रुग्णांपर्यंत पोचत नाही.

२०२३च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने नव्या औषधांच्या चाचण्यांचे नियम बदलले. औषध माणसाला देण्याआधी लागणाऱ्या पुराव्यासाठी प्राण्यांवरच्या प्रयोगांबरोबरच मानवी पेशींची त्रिमितीय रूपं, अवयव-चिप अशा पद्धतींनाही त्यात जागा मिळाली. अमेरिकेने तसाच कायदा २०२२च्या डिसेंबरमध्ये केला होता. दार उघडलं आहे. आत जायला लागणारा कच्चा माल मात्र रोज नष्ट होतो.

वडोदऱ्यात या विषयाला लागणारं जवळजवळ सगळं थोड्याच मैलांच्या आत आहे. सयाजी रुग्णालय आणि १९४९ साली सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालय, त्याच वर्षी स्थापन झालेलं विद्यापीठ, तिथली पालीच्या कूर्चेची जुनी जाण, अलेम्बिकपासून सन फार्मापर्यंत औषधनिर्मितीचा मोठा वारसा, आणि समापासून मांजलपूरपर्यंत गुडघे बदलून घेणारी हजारो माणसं. मला वाटतं, अशा शहरात कूर्चेची पेढी असायला हवी: कापलेला तुकडा काही तासांत प्रयोगशाळेत नेणारी, नीट नोंद करून जपणारी, आणि विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला तसंच कंपनीच्या संशोधकालाही एकाच नियमाने देणारी.

त्यासाठी लागणारी चौकट भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेच: नैतिक समितीची मान्यता, रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती, ओळख गुप्त. ती संमती शस्त्रक्रियेच्या सकाळी, हातात सुई असताना घेऊ नये. आदल्या भेटीत, गुजरातीत किंवा मराठीत, मुलगा किंवा सून शेजारी बसलेली असताना विचारावं, आणि नाही म्हटलं तर उपचारात काही फरक पडणार नाही हे पहिल्याच ओळीत लिहावं. तुकड्याबरोबर नाव नको. पण वय, वजन, मधुमेह, किती वर्षं दुखत होतं, आयुष्यभर काम कसलं केलं, जमिनीवर किती बसणं होतं, कोणत्या गोळ्या किती काळ घेतल्या, हे हवं. पुण्याच्या प्रयोगात अर्क ज्यांच्या कूर्चेला लागू पडला ते निम्मे कोण होते आणि उरलेले निम्मे कोण, याचा छडा अशा नोंदींसह आलेल्या शेकडो तुकड्यांवरच लागू शकतो.